बिनलेबलाचा शर्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, मित्रांना नाही — तसे मित्रही फार नाहीत, का ते पुढे येईलच. आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर बसलेले नाही आहात. समोर माणूस बसला की त्याच्या डोळ्यांत किती वेळ पाहायचं ते मला मनात मोजावं लागतं, आणि मोजता मोजता सांगायचं ते राहून जातं.

गेल्या महिन्यात माझा सत्कार झाला. गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात, शाल, श्रीफळ, आणि लाकडी पाटीवर माझं नाव. सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, "स्वमग्न प्रौढांना 'तुम्ही आहात तसेच या' असं म्हणणारे आपल्या नाशिकचे पहिले समुपदेशक!" टाळ्या वाजल्या. शाल लोकरीची होती आणि मानेला अशी काही टोचत होती की भाषणभर मी फक्त तिचाच विचार केला. लोकांना वाटलं, सर भारावलेत. एका आजींनी तर डोळे पुसले.

तेव्हाच ठरवलं, आता लिहून टाकायचं. कारण त्या टाळ्या वाजत असताना तिसऱ्या रांगेत दिगंबर बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. आवाजाचा त्याला त्रास होतो, म्हणून त्याने दोन्ही हात हवेत हलवले. आमच्या गटात तशीच टाळी वाजवतात. त्याला माझ्याबद्दल काय माहीत आहे ते सभागृहात कुणालाच माहीत नव्हतं. आणि त्याला ते माहीत आहे हे मला माहीत होतं — थांबा, असं नको. सुरुवातीपासून सांगतो.

माझ्याकडे एक वही आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. बारा वर्षांचा असताना सुरू केली. तिच्यात माणसांत वावरायचे नियम लिहिलेत. हसू नका — किंवा हसा, मला आता चालतं. नियम तिसरा: कुणी "काय म्हणताय?" म्हणालं तर काही म्हणायचं नसतं. नियम अकरावा: बाळ दाखवलं की बापासारखं दिसतं म्हणायचं, वजन विचारायचं नाही. नियम सव्विसावा: मयताला गेल्यावर "किती वाजता उचलणार?" हे पहिलं वाक्य नसावं. प्रत्येक नियमामागे एक फजिती आहे. उदाहरणार्थ "या एकदा जेवायला" हे आमंत्रण नसतं, हा एकेचाळिसावा. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने तसं म्हटलं म्हणून मी पुढच्याच बुधवारी बरोबर एक वाजता इंदिरानगरला त्याच्या दारात उभा राहिलो होतो. ती मंडळी कुलूप लावून त्र्यंबकला निघाली होती. बिचारे परत आत गेले, बाईंनी पिठलं टाकलं, मुलं चपला घालूनच बसून राहिली, आणि मी — मी दुसऱ्यांदा भात मागितला.

मानसशास्त्र मी का घेतलं, सांगू? माणसं कशी चालतात याची पुस्तकं असतात असं कळलं म्हणून. बी.ए., एम.ए., मग कॉलेजात प्राध्यापक, आणि संध्याकाळी एका चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत समुपदेशन. लोक म्हणत, सर फार शांतपणे ऐकतात. मी शांत असे कारण कोणता नियम लावायचा ते आठवत असे.

अठ्ठ्याण्णव साली नाना त्या खोलीत आले. देवळाली कॅम्पातल्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान. लष्करी गणवेश, सूट, ब्लेझर. त्यांच्या दुकानाचं लेबल — काळ्या सॅटिनवर सोनेरी धाग्याने नाव — कॉलरच्या आत असलं की कॅम्पात माणसाचं वजन वाढतं असं ते स्वतःच सांगत. सोबत एकतीस वर्षांचा मुलगा. नाव दिगंबर. शिंप्याने मुलाचं नाव दिगंबर का ठेवावं हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण नियम नववा आडवा आला.

"सर, पोरगं लय हुशार हाय," नाना म्हणाले. "कात्री धरली की सुतभर इकडचं तिकडं होत नाय. पण तोंड आवरत नाय हो. माणसात आणा त्याला."

माणसात आणा. हे दोन शब्द लक्षात ठेवा.

दिगंबर खिडकीजवळ उभा राहून पडद्याची शिवण तपासत होता. माझ्याकडे बघतच नव्हता. त्याच्या शर्टाला कॉलरच्या आत लेबल नव्हतं, उसवून काढलेलं दिसत होतं, आणि मला — काय वाटलं ते मला तेव्हाच कळलं होतं. माझ्याही सगळ्या शर्टांची लेबलं मी ब्लेडने काढतो. पण माझ्या कॉलरखाली ते दिसत नाही, मी काळजी घेतो.

तक्रार अशी होती. कॅम्पातल्या त्यांच्या दुकानात एक जुनी रीत. माप घेणारा मोठ्याने आकडा सांगणार, दुसरा वहीत लिहिणार. आता साहेब पन्नाशीचे झाले की पोट पुढे येतंच, आणि साहेबांना ते ऐकायचं नसतं. म्हणून नाना कंबरेचं माप दोन इंच कमी करून सांगायचे — "छत्तीस!" — आणि त्यांचा धाकटा भाऊ वहीत गुपचूप अडतीस लिहायचा. साहेब खूश, पँटही बरोबर. तीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग भाऊ वारला आणि वही दिगंबरच्या हातात आली. पहिल्याच आठवड्यात नाना एका कर्नलसाहेबांची कंबर धरून "अडतीस!" म्हणाले आणि दिगंबरने वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, "नाना, चाळीस आहे. टेप मला इथून दिसतोय." कर्नलसाहेबांच्या मॅडम हसल्या. कर्नलसाहेब हसले नाहीत. त्यांचा ब्लेझर दुसऱ्या दुकानात गेला.

तेव्हा नाशिकमध्ये स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा शब्द फक्त लहान मुलांसाठी होता, तोही दोनचार डॉक्टरांकडे. मोठा माणूस असा असला तर त्याला एककल्ली म्हणत, तऱ्हेवाईक म्हणत, आणि उपाय विचारला तर लग्न करून द्या म्हणत. मी पुस्तकं वाचली होती. दिगंबर कोण आहे ते मला पाच मिनिटांत कळलं. नानांना मी समजावून सांगितलं, शब्दही सांगितला, हा आजार नव्हे, मनाची घडणच तशी असते हेही सांगितलं. तिथवर मी बरा होतो. मग नाना म्हणाले, "म्हंजे बरा होईल ना?" आणि मी म्हणालो, "प्रशिक्षण देऊ."

प्रशिक्षण म्हणजे काय, तर माझी वही. निळ्या पुठ्ठ्याची. दर मंगळवारी मी त्याला एखाद-दुसरा नियम द्यायचो. "सर, हे कुठून?" त्याने पहिल्याच मंगळवारी विचारलं. "परदेशी पुस्तक आहे," मी म्हणालो. "नाव?" मी म्हणालो, "मराठीत आलेलं नाही अजून." हे पहिलं खोटं. छोटंसं. जीभ अडखळलीसुद्धा नाही, खोटं बोलण्याचाही नियम होता ना वहीत, एकोणसत्तरावा.

तो भयंकर मन लावून शिकला. समोरच्याच्या डोळ्यांत तीन मोजेपर्यंत पाहायचं, मग हळूच कानाकडे नजर न्यायची, हा माझा हुकमी नियम. दिगंबर ओठ हलवून मोजायचा. एका मेजरसाहेबांनी नानांना विचारलं म्हणे, तुमचा मुलगा माझ्याकडे बघून मंत्र का पुटपुटतो? आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो "हवा काय म्हणते?" विचारू लागला, कारण मी तसं सांगितलं होतं. उत्तर ऐकायचं असतं हे सांगायला मी विसरलो होतो. तो विचारायचा आणि आत निघून जायचा.

आणि मग सुभेदारांची पँट.

वहीच्या भानगडीसाठी मी त्याला खास नियम करून दिला होता: नाना जे माप सांगतील ते मुकाट्याने लिहायचं, दुरुस्त करायचं नाही. दिगंबरने तो तंतोतंत पाळला. नाना "छत्तीस" म्हणाले, त्याने छत्तीस लिहिलं. नाना "अडतीस" म्हणाले, त्याने अडतीस लिहिलं. तीन आठवडे दुकानात स्वर्गीय शांतता. चौथ्या आठवड्यात निवृत्त होणाऱ्या एका सुभेदारांचा सूट गेला, त्यांच्या निरोपाच्या जेवणासाठी, ऐन वेळी. पँट चढली, कशीबशी. बटण लागलं, श्वास रोखून. पण बसता येईना. अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेला माणूस स्वतःच्या निरोपसमारंभात अडीच तास उभा राहिला. भाषणं उभ्याने ऐकली, मटण उभ्याने खाल्लं. सगळ्यांना वाटलं, काय शिस्त आहे! शेवटी हार घालून घ्यायला वाकले, आणि मागची शिवण बोलली.

नाना माझ्याकडे धावत आले. दिगंबर मागोमाग. "चूक माझी नाही," तो शांतपणे म्हणाला. "सांगितलं तसं लिहिलं." चूक नसताना चूक कबूल करणं त्याला जमतच नसे. शाळेत त्यापायी त्याने छड्या खाल्ल्या होत्या, नाना सांगायचे. नानांनी कपाळावर हात मारला. "अरे, पण दोन वाढवून लिहायचं असतं, हे काय सांगायला लागतं का रे? सर, तुम्हीच सांगा!"

आता ऐका. नानांनी ती रीत मला पहिल्याच दिवशी सांगितली होती, काकांच्या गुपचूप अडतीससकट. आणि नियम करताना मीही ते दोन इंच विसरलो नव्हतो — मला ते जोडून घ्यायचे असतात हे सुचलंच नव्हतं. "सांगितलेलं लिही" म्हणजे सांगितलेलं लिही. माझ्या डोक्यातही ते तसंच सरळ बसलं होतं. चष्म्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत तेव्हा दोन माणसं अशी होती ज्यांना ते सांगायला लागतं. त्यातला एक टेबलाच्या या बाजूला होता, एवढंच.

मी काय म्हणालो असेन? मी घसा खाकरला आणि म्हणालो, "नाना, हे लक्षणच आहे. अशा व्यक्ती शब्दशः अर्थ घेतात." नानांनी हताशपणे मान डोलावली. दिगंबरही मान डोलावत म्हणाला, "हो. मी घेतो." चूक सगळी त्याच्या खाती गेली, आणि मी तज्ज्ञ म्हणून थोडा वरच गेलो.

त्यानंतरच्या मंगळवारी त्याने मला एक प्रश्न विचारला. जाताना, दारात. त्याचा तो नेहमीचा सपाट आवाज. "सर, असं अजून कुणी आहे का? मोठं? नाशिकमध्ये?" मी विचारलं, कशाला हवंय. तो म्हणाला, "एकदा बघितला असता."

बघितला असता, एवढंच. मैत्री नको होती त्याला, उपचार नको होता. आपल्यासारखा एक मोठा माणूस, जो रोज सकाळी उठतो, नोकरी करतो, ज्याचं लग्न झालंय, जो पन्नाशीला पोचलाय — तो कसा दिसतो ते त्याला एकदा बघायचं होतं. आणि मी खुर्चीत बसून, त्याच्या डोळ्यांत तीन मोजून, मग त्याच्या कानाकडे बघत म्हणालो, "नाशिक जिल्ह्यात तरी माझ्या माहितीत नाही."

अख्खा जिल्हा! पार कळवणपासून नांदगावपर्यंत सगळी माणसं मी बाद करून टाकली. तो "बरं" म्हणाला आणि गेला. जिना उतरताना पायऱ्या मोजत गेला, मला ऐकू येत होतं. एकोणीस आहेत. मीही मोजतो.

का बोललो असं? नोकरी जाईल म्हणून? प्राध्यापकाला कोण काढतंय. लोक येणार नाहीत म्हणून? कदाचित. पण खरं सांगायचं तर आयुष्यभर मेहनत करून मी माणसांत चालून जात होतो, आणि मला ते हातचं घालवायचं नव्हतं. मी भित्रा होतो. याला दुसरा शब्द मी शोधत बसणार नाही.

तीन वर्षं गेली. दिगंबर यायचा, नियम एकशे बारापर्यंत पोचले होते. एक दिवस तो टेप घेऊनच आला. "सर, माप घेऊ?" दिवाळीला नानांना मला शर्ट द्यायचा होता. मी हात पसरून उभा राहिलो. नाना नव्हते, वही नव्हती, मापं त्याच्या डोक्यातच राहतात. तो सांगत गेला, "छाती एकोणचाळीस. पोट एक्केचाळीस." मी गमतीने म्हटलं, अरे, दोन कमी सांगायचं असतं ना? तो म्हणाला, "तुम्हाला खरं चालतं." मग माझ्या मानेभोवती टेप न टेकवता, अगदी अधांतरी धरून त्याने माप घेतलं. माझ्या मानेला कुणी हात लावला की मला शहारे येतात हे त्याला मी कधीच सांगितलेलं नव्हतं.

दिवाळीच्या चार दिवस आधी नानांनी मला दुकानात बोलावलं. गर्दी होती. एका मेजरसाहेबांच्या मॅडम, दोन जवान, शेजारचा बूटवाला. नानांनी मला शर्ट देऊन पडद्यामागे पाठवलं.

तो शर्ट कसा सांगू तुम्हाला? सुती, करड्या रंगाचा, शिवायच्या आधी चारपाच वेळा धुतलेला. कॉलरमध्ये बकरम नाही, म्हणजे आतलं ते ताठ कापडच नाही. लेबल नाही. आणि सगळ्या शिवणी बाहेरच्या अंगाला, इतक्या बारीक की मुद्दाम नक्षी केल्यासारख्या. आतून नुसतं कापड. मी तो अंगात घातला आणि — मी एक्कावन्न वर्षांचा होतो — आयुष्यात पहिल्यांदा अंगावर कपडा आहे हे मी विसरलो. पडद्यामागे तसाच उभा राहिलो. तीन वर्षं दर मंगळवारी मी कॉलरमध्ये बोट घालत होतो, डाव्या बाहीची शिवण दुमडत होतो, आणि तो पडदे तपासतोय असं मला वाटत होतं. तो मला वाचत होता. तो स्वतःसाठी शिवतो तसा शर्ट त्याने माझ्यासाठी शिवला होता. त्याला जो एकदा बघायचा होता तो त्याला सापडला होता, आणि त्याने गाजावाजा न करता, आपल्या हातातल्या कलेने मला ते कळवलं होतं. मला रडू आलं. मयताला न येणारं रडू मला कॅम्पातल्या ट्रायल रूममध्ये आलं.

मग मी डोळे पुसून बाहेर आलो.

नानांनी पाहिलं. "अरे दिग्या! सरांचा शर्ट उलटा शिवला का काय रे? आन् लेबल? लेबल कुठंय आपलं?" सगळे बघायला लागले. मॅडम तोंडावर रुमाल धरून हसल्या, बूटवाला मोठ्याने हसला. दिगंबर काउंटरमागे उभा होता. तो जराही गडबडला नव्हता. तो माझ्याकडे बघत वाट पाहत होता. मला एकच वाक्य बोलायचं होतं: नाना, मला असाच हवा होता. बस, संपलं. त्याच्यासाठीही संपलं असतं आणि माझ्यासाठीही.

मी मॅडमकडे पाहिलं, बूटवाल्याकडे पाहिलं, आणि हसत — नियमाप्रमाणे, दात न दाखवता — म्हणालो, "हो, जरा चुकलंच वाटतं."

नाना भडकले. दुकानाची अब्रू, सोनेरी लेबल, तीस वर्षांचं नाव, सगळं निघालं. दिगंबर वाद घालेल असं मला वाटलं. कुठला टाका का घातला ते तो एकेक करून सांगेल, कारण चूक नव्हतीच, आणि चूक नसताना तो कधीच — त्याने माझ्याकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत. तीन मोजेपर्यंत, आणि या वेळी ओठ हलले नाहीत.

"चुकलं माझं, सर," तो म्हणाला.

नानांचा राग जागच्या जागी विरला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "सर! चौतीस वर्षांत पहिल्यांदा चुकलं म्हणाला हो! माणसात आला पोरगा!" लगेच समोरच्या हॉटेलातून पेढे आले. मॅडमना, जवानांना, बूटवाल्याला, सगळ्यांना वाटले. मलाही एक दिला. मी खाल्ला. चांगला होता.

शर्ट मी "दुरुस्तीला नको, राहू द्या" म्हणून घरी आणला. घरी बायकोने, सुधाने, तो उलटसुलट करून पाहिला. तिला वहीचं माहीत नाही, पण सव्वीस वर्षांचा संसार होता. "कुणी शिवला?" तिने विचारलं. "ज्याने शिवला त्याला तुम्ही चांगलेच कळलेले दिसताय." मी म्हणालो, चुकून झालाय. त्या दिवसापासून तो मी घरातच घालतो. पुढच्या मंगळवारी दिगंबरसमोर टोचणाऱ्या टेरिकॉटमध्ये बसलो.

पुढचं तुम्हाला सत्काराच्या भाषणात ऐकायला मिळालं असतं. दोन हजार सहाच्या सुमारास पुण्यात एका कार्यशाळेला गेलो. परदेशातून शिकून आलेली एक तरुण बाई बोलत होती. ती म्हणाली, या मोठ्या माणसांना डोळ्यांत बघायला शिकवणं बंद करा. त्यांना कशाचा त्रास होतो ते विचारा, तो कमी करा, त्यांच्या पद्धतीने त्यांना जगायला मदत करा. त्यांना माणसांत आणायचं नसतं, ती माणसांतच असतात. मी शेवटच्या रांगेत होतो. तिने प्रश्नांची एक यादी वाटली होती, अशी व्यक्ती ओळखण्यासाठी. मी मनातल्या मनात सगळ्यांवर खुणा केल्या. एकही सुटला नाही. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि चहाच्या वेळी शेजारच्याला विचारलं, हवा काय म्हणते.

नाशिकला परत येऊन मी दिगंबरला बोलावलं. म्हणालो, ते नियम सोडून दे. "सगळे एकशे बारा?" सगळे. "मग काय करू?" मी म्हणालो, आहेस तसा राहा. त्याने विचार केला. "सर, ते मी आधी करतच होतो. ते बंद करायला नानांनी मला तुमच्याकडे आणलं होतं."

मग गट सुरू केला. दर रविवारी सकाळी दहाला, एका शाळेच्या वर्गात. ट्यूबलाइट बंद, पंखा आवाज करणारा म्हणून तोही बंद, खुर्च्या ज्याला जिकडे तोंड करून हव्यात तिकडे. "कसे आहात" विचारायला बंदी. सहा माणसं यायची. सगळी दहाला पाच कमी असताना हजर, आणि ठोक्याला आत. पहिल्या रविवारी अर्धा तास कुणीच बोललं नाही आणि सगळे कमालीचे खूश होते. शाळेच्या वॉचमनने मला बाहेर बोलावून हळूच विचारलं, "कोण गेलं हो सर?" कुणी नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग बोलत का नाय कुणी?" दिगंबर पहिल्या दिवसापासून आला. त्याने वर्गातले पाचही जण एकेक करून नीट पाहून घेतले. सहावा, म्हणजे मी, त्याने मोजला नाही.

वृषाली या वर्षी आली. चोवीस वर्षांची, औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करते. तिसऱ्याच रविवारी तिने, सगळे आपापला चहा पीत असताना, माझ्याकडे न बघता विचारलं, "सर, तुम्ही तीन सेकंद डोळ्यांत बघता आणि मग कान बघता. मीपण तसंच करते. तुम्ही आपल्यातले का?"

इथे हसणारं कुणी नव्हतं. मॅडम नव्हत्या, बूटवाला नव्हता, नाना नव्हते. ज्या एका खोलीत हो म्हणायला मला काहीच लागणार नव्हतं ती खोली मीच बांधली होती. मी तोंड उघडलं. आणि चहाचा घोट घेतला.

दिगंबरने कप खाली ठेवला. "नाही," तो म्हणाला. "सर पुस्तकातून शिकले. परदेशी पुस्तक आहे. मराठीत आलेलं नाही."

टेपवरचा अर्धा इंचसुद्धा ज्याला खोटा सांगता येत नाही, तो माणूस आयुष्यात दोनदा खोटं बोलला. दोन्ही वेळा माझ्यासाठी. दोन्ही वेळा मी तिथेच उभा होतो. आणि या वेळी मी मान हलवली — हो, पुस्तकातून.

"अच्छा," वृषाली म्हणाली. मग कपाकडे बघत, "मला वाटलं, एवढं वय झाल्यावर कसं असतं ते विचारावं."

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. कसं असतं ते मला माहीत होतं. मी सगळ्यांचे कप गोळा केले आणि विसळायला नळावर घेऊन गेलो.